खडा हिंग

दिवाळीच्या चिवड्यासाठी हिंग आणायला मी १० ऑक्टोबर २०२५ला इंदूरच्या सियागंज बाजारात गेले होते. त्या दिवशी करवा चौथ असल्यामुळे बाजारात कोपरापर्यंत मेंदी काढलेल्या बायकांची दाटी होती, आणि हातगाड्यांतून वाट काढत दुकानापर्यंत पोचायलाच अर्धा तास गेला. घरात हिंगाच्या डब्या नसतात असे नाही, पण दिवाळीचा हिंग खडाच हवा आणि तो ठरलेल्या दुकानातूनच यायला हवा हा आमच्या रामबागेतल्या घरात आईने घालून दिलेला दंडक आहे, आणि ब्याऐंशीव्या वर्षीही ती तो सैल करायला तयार नाही. त्या दुकानात शिरले की आधी लाल मिरचीने ठसका लागतो, मग सुक्या खोबऱ्याचा आणि गोणपाटाचा वास येतो, आणि गल्ल्याजवळ पोचेपर्यंत हिंगाने बाकी सगळे वास गिळून टाकलेले असतात. दुकानदार पत्र्याच्या डब्यातले तपकिरी खडे काट्यावर टाकत होता आणि त्याचे लक्ष भिंतीवरच्या लहानशा टीव्हीकडे होते. पडद्यावर आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर आणि त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले, लांब दाढीचे अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिसत होते. काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देणार अशी ओळ खालून सरकत होती. दुकानदार काटा थांबवून प्रसन्न चेहऱ्याने म्हणाला, “ताई, अब माल खुलेगा.”

एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अफगाणी माल आणणारी अटारी सीमेची वाट बंद झाली तेव्हापासून हिंग, अंजीर, मनुका या सगळ्याचे भाव त्याच्या तोंडी तक्रारीच्या सुरातच येत होते. मे महिन्यात सीमेपलीकडे अडकलेल्या १६० अफगाणी ट्रकांना आपल्याकडे खास परवानगी मिळाली तेव्हाही त्याने मला असेच आनंदाने सांगितले होते. मी पिशवी पुढे केली आणि सहज बोलून गेले, “चला, बरं झालं.”

घरी येईपर्यंत ते दोन शब्द जिभेवर हिंगासारखे राहिले.

कारण ते फेटे मी याआधी पाहिले होते. डिसेंबर १९९९च्या शेवटच्या आठवड्यात, काठमांडूहून दिल्लीला येणारे आपले विमान कंदाहारच्या धावपट्टीवर उभे होते आणि त्याच्याभोवती खांद्यावर बंदुका टाकलेले तालिबानी फिरत होते. २४ तारखेपासून ३१ तारखेपर्यंत आमच्या घरात कुणी टीव्ही बंद केला नाही. माळव्यातली थंडी होती, आजी पायाशी शेगडी घेऊन बसलेली असायची आणि दिल्लीत प्रवाशांचे नातेवाईक रडत, ओरडत रस्त्यावर उतरलेले दिसले की ती म्हणायची, “कुणाला सोडायचं ते सोडा, पण लेकरांना घरी आणा.” बाबा एवढेच म्हणायचे की हे पुढे महागात पडेल. शेवटी परराष्ट्रमंत्री जसवंतसिंह तिघा दहशतवाद्यांना घेऊन स्वतः कंदाहारला गेले आणि प्रवासी सुटले. त्या तिघांतल्या मसूद अजहरने काही आठवड्यांतच जैश-ए-मोहम्मद स्थापन केली. २०१९च्या फेब्रुवारीत पुलवामाला त्याच जैशच्या हल्ल्यात ४० जवान गेले तेव्हा आजी नव्हती आणि बाबाही नव्हते, त्यामुळे तो जुना वाद पुरा करायला घरात कुणी उरले नव्हते. मी अजूनही मनातल्या मनात एकदा आजीच्या बाजूने बोलते आणि एकदा बाबांच्या, आणि दोन्ही वेळा मला माझे म्हणणे पटते.

कंदाहारच्या आठवणीने दुसरी आठवण ओढून आणली. ७ जुलै २००८ला काबूलमधल्या आपल्या दूतावासाच्या दारात स्फोटकांनी भरलेली गाडी आदळवली गेली. पन्नासांहून अधिक माणसे मेली. व्हिसासाठी रांगेत उभे असलेले अफगाण होते, आणि चार भारतीय होते, त्यांत एक ब्रिगेडियर होते. तो हल्ला तालिबानशी जोडलेल्या हक्कानी गटाचा होता असे तेव्हा आपणही म्हटले आणि अमेरिकनांनीही म्हटले. आज त्याच घराण्याचे सिराजुद्दीन हक्कानी काबूलमध्ये गृहमंत्री आहेत. म्हणजे आपल्या दूतावासावर पुन्हा पाटी लागेल तेव्हा दाराबाहेरचा पहारा त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत असेल. हा विचार मला स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, खडा खलबत्त्यात टाकताना आला आणि हात थोडा वेळ थांबला.

त्याच दिवशी दिल्लीतल्या अफगाण दूतावासात मुत्तकींनी पत्रकारांशी बोलताना एकाही महिला पत्रकाराला आत घेतले नाही. आपल्या परराष्ट्र खात्याने त्या आयोजनाशी आपला संबंध नसल्याचे सांगितले. गदारोळ झाला, आणि दोन दिवसांनी दुसरी पत्रकार परिषद झाली तेव्हा महिला पत्रकार पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारत होत्या. मला त्या दृश्याचा आनंद झाला, नाही म्हणणार नाही. पण मी बत्तीस वर्षे मुलींना इतिहास शिकवला आहे, आणि त्या मंत्र्यांच्या देशात सहावीच्या पुढे मुलींना शाळेचे दार बंद आहे हे मला पहिल्या रांगेच्या आनंदातही विसरता येईना. सियागंजात ‘बरं झालं’ म्हणताना मात्र विसरता आले होते. अंजिराच्या भावाने ते काम दोन सेकंदांत केले होते.

सरकारचे चुकले असे मला म्हणता येत नाही, आणि माझी अडचण तिथेच सुरू होते. सलमा धरण, काबूलमधले संसद भवन, झरंज ते देलाराम हा रस्ता, असे आपण त्या देशात बरेच काही बांधले आहे, आणि ऑगस्ट २०२१मध्ये आपली माणसे काढून घेतल्यावर ती रिकामी जागा इतरांनी भरायला घेतलीच होती. रशियाने तर जुलै २०२५मध्ये तालिबानच्या राजवटीला रीतसर मान्यताच देऊन टाकली. ज्या पाकिस्तानने तालिबानला वाढवले, १९९६नंतर मान्यता देणाऱ्या अवघ्या तीन देशांत जो होता, त्याच्याशीच आता तालिबानचे हाडवैर झाले आहे. मग आपण दार बंद करून कुणाचे भले करणार होतो? संयुक्त निवेदनात मुत्तकींनी पहलगामच्या हल्ल्याचा निषेध केला होता. पहलगामला मारल्या गेलेल्या २६ जणांत आमच्या इंदूरचाही एक माणूस होता, त्यामुळे या शहरात ती ओळ नुसती राजनैतिक म्हणून वाचता येत नाही. विनोद असा, की मुत्तकींच्या नावावर संयुक्त राष्ट्रांची प्रवासबंदी असल्यामुळे त्यांना या दौऱ्यासाठी सूट घ्यावी लागली, आणि ज्या समितीने ती दिली तिचे अध्यक्षपद त्या वर्षी पाकिस्तानकडे होते. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे जावईबुवांना चिठ्ठी व्याह्याने द्यायची.”

अमीर खान या नावाने मात्र मला फारच मागे नेले. माळव्यात हे नाव जुने आहे. यशवंतराव होळकरांच्या पदरचा, किंवा बरोबरीचा म्हणावे असा पठाण सरदार अमीर खान, ज्याच्या घोडदळाने राजपुताना आणि माळवा वर्षानुवर्षे तुडवला, तो नोव्हेंबर १८१७मध्ये इंग्रजांशी करार करून टोंकचा नवाब झाला. फौज मोडायची आणि गादीवर बसायचे, असा तो सौदा होता. त्याचा मेहुणा गफूर खान होळकरांच्या दरबारात होता. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, आणि ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला, तेव्हा त्या तहातल्या एका कलमाने होळकरांच्याच मुलखातून जावरा तोडून गफूर खानाला देण्यात आले. रतलामहून मंदसोरला जाताना जावरा लागते. लहानपणी बसमधून जाताना बाबा खिडकीतून बोट दाखवत म्हणायचे, “हे बघ, हरल्यावर आपण दिलेलं गाव.”

त्या काळातला ‘दहशतवादाविरुद्धचा लढा’ म्हणजे पेंढाऱ्यांविरुद्धची मोहीम. वर्गात हा धडा शिकवताना मुलींना पेंढारी म्हणजे पुंड, लुटारू, गावे जाळणारे एवढे पटकन समजे, आणि ते खरेच होते. माणसांच्या नाकातोंडाला गरम राखेची पिशवी बांधून लपवलेले पैसे काढून घेणारे लोक होते ते. पण पेंढाऱ्यांना शिंदेशाही आणि होळकरशाही अशी नावे होती, हे सांगितले की वर्ग गप्प होई. पगार द्यावा लागत नाही, लढाईत शत्रूचा मुलूख उजाड करायला उपयोगी पडतात, वर लुटीतला वाटा पालपट्टी म्हणून सरकारात जमा होतो, असे हे स्वस्त हत्यार आपल्याच दरबारांनी पाळले होते. चीतू पेंढाऱ्याला दौलतराव शिंद्यांनी नवाबी किताब दिला आणि नर्मदेकाठी सातवास, नेमावर भागात त्याचा तळ पडला. करीम खान या दुसऱ्या पेंढाऱ्याला मोठे केले, मग तो फारच मोठा झाला असे वाटले तेव्हा पकडून ग्वाल्हेरला ४ वर्षे कैदेत ठेवले, आणि पुढे ६ लाख रुपये घेऊन सोडूनही दिले. इंग्रजांच्या मुलखात धाडी पडू लागल्यावर लॉर्ड हेस्टिंग्जने एक लाखाहून मोठी फौज चारी दिशांनी माळव्यावर आणली. पेंढारी असतील पंचवीसतीस हजार. एवढी फौज फक्त त्यांच्यासाठी नव्हती, हे दौलतरावांना नक्कीच कळत असणार. ५ नोव्हेंबर १८१७ला त्यांनी कालपर्यंत आश्रय दिलेल्या पेंढाऱ्यांचा बीमोड करण्यात इंग्रजांना मदत करण्याच्या तहावर सही केली. त्याच दिवशी तिकडे खडकीला पेशव्यांची लढाई सुरू झाली होती.

चीतूचा शेवट मला नेहमी थांबवून ठेवतो. इंग्रजी फौजेने रानोमाळ हाकलून एकटा पडलेला हा माणूस १८१९मध्ये जंगलात वाघाने मारला. आधी खोगीर घातलेला त्याचा घोडा चरताना सापडला, मग थोड्या अंतरावर रक्ताने भरलेले कपडे आणि शेवटी डोके. त्याच्या सामानात २५० रुपये, काही अंगठ्या, आणि नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची पत्रे होती, ज्यांत पुढे मोठे बक्षीस देण्याचे वचन होते. टोंकला नवाबी झाली, जावऱ्याला नवाबी झाली, करीम खानाला गोरखपुराकडे जमीन मिळाली, आणि चीतूला वाघ मिळाला. यांतल्या कुणाचे अपराध जास्त होते म्हणून असे झाले नाही. कुणी योग्य वेळी योग्य दारात जाऊन उभा राहिला, एवढाच फरक होता. आणि ज्या शहराला मी माझे म्हणते ते होळकरांची राजधानी झाले तेही त्या मंदसोरच्या तहानंतर, १८१८मध्येच. महूची छावणी पडली तीही तेव्हाच.

महूला माझे मामा राहतात. लष्कराच्या सिग्नल्समधून सुभेदार होऊन निवृत्त झाले, आता शहात्तर वर्षांचे आहेत. १९८७च्या ऑक्टोबरात ते भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेतल्या जाफन्यात होते. त्याबद्दल ते फारसे बोलत नाहीत, पण एकदा, माझ्या धाकट्या मावसभावाच्या लग्नात, मांडवामागे खुर्ची टाकून बसले असताना त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. वायरलेसवर समोरच्या पोरांचे बोलणे कानावर आले की भाषा कळत नसे, पण बोलण्याची शिस्त ओळखीची वाटे. कधी थांबायचे, आकडे कसे उलटायचे, कळले म्हणून काय सांगायचे. “आपल्याच शाळेतली पोरं, अगं,” ते म्हणाले होते, “फक्त फळ्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेली.” १९८३नंतर तमिळ गटांच्या तरुणांना आपल्याकडे, अगदी डेहराडूनजवळच्या चक्राता भागातही शिक्षण दिले गेले, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मामांना ते कानाने कळले होते.

पुढचे तर कादंबरीत घातले तर खोटे वाटेल. जुलै १९८७चा करार होऊन ज्या शांतिसेनेला श्रीलंका सरकारने बोलावले, तिला परत धाडण्यासाठी नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी १९८९मध्ये तमिळ वाघांना, म्हणजे एलटीटीईलाच शस्त्रे पुरवली. सुमारे बाराशे जवान गमावून आपली शेवटची तुकडी मार्च १९९०मध्ये मद्रासच्या बंदरात उतरली तेव्हा स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री गेले नव्हते. १९९१च्या मे महिन्यात श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, आणि १९९३च्या मे महिन्यात ज्यांनी शस्त्रे दिली होती ते प्रेमदासाही तशाच आत्मघातकी हल्ल्यात गेले. एलटीटीईवर आपण बंदी घातली ती १९९२मध्ये. मामा त्या मद्रासच्या बंदराबद्दल एवढेच म्हणतात की ऊन फार होते आणि चहा गार होता.

त्यामुळे इतर देशांबद्दल आपण जो त्रागा करतो तो मी हल्ली थोडा हळू आवाजात करते. अमेरिकेने २००४मध्ये पाकिस्तानला नाटोबाहेरचा प्रमुख मित्र ठरवले आणि २०११मध्ये बिन लादेन त्याच मित्राच्या ॲबटाबादेत, लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर सापडला. पहलगामला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा पाकिस्तानचे लष्करप्रमुख फील्ड मार्शल असीम मुनीर व्हाइट हाउसमध्ये जेवायला बसले होते, आणि पुढच्याच महिन्यात त्या हल्ल्यामागच्या ‘टीआरएफ’ला (द रेझिस्टन्स फ्रंट) अमेरिकेने दहशतवादी संघटना जाहीर केले. ज्याच्या डोक्यावर १ कोटी डॉलरचे इनाम होते तो सीरियाचा अहमद अल-शरा आता राष्ट्राध्यक्ष म्हणून हस्तांदोलन करतो. दहशतवादाविरुद्ध एक सर्वंकष आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा मसुदा आपण संयुक्त राष्ट्रांत १९९६मध्ये मांडला. तो अजून झालेला नाही, कारण दहशतवादी कुणाला म्हणायचे यावरच गाडे अडले आहे. मला हे आश्चर्याचे वाटत नाही. व्याख्या एकदा लिहिली की ती आपल्यालाही लागू होते, आणि प्रत्येक देशाच्या माळ्यावर एखादी शिंदेशाही, एखादी होळकरशाही ठेवलेली असते. मला खुपतो तो स्वार्थ नव्हे. घर चालवणाऱ्या बाईला स्वार्थ कळतो. त्या स्वार्थावर जेव्हा न्यायाचे, मानवतेचे, शेवटच्या दहशतवाद्यापर्यंतच्या लढाईचे जरीचे पांघरूण घातले जाते तेव्हा मला ते उचलून खाली कोण झोपले आहे ते पाहावेसे वाटते.

त्या रात्री मी मामांना फोन केला. दूतावासाची बातमी पाहिली का, असे विचारले. पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याची घरघर ऐकू आली. मग ते म्हणाले, “करावं लागतं, बाळ. ते मला कळतं. फक्त मला ते टीव्हीवर बघायला लावू नका.” आणि त्यांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

दुकानदाराचा माल काही खुलला नाही. ११ तारखेच्या रात्री पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि तोरखम, चमनची ठाणी बंद पडली. १९ तारखेला दोहा येथे, कतार आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाली, पण मालाची वाट बंदच राहिली. अंजिरासाठी मी धनत्रयोदशीला फोन केला तेव्हा तोच माणूस तितक्याच मनापासून दोन्ही देशांना शिव्या देत होता. बरे झाले मी हिंग आधी आणला, हा विचार माझ्या मनात आला तेव्हा मला हसू आले, आणि ते फार छान हसू नव्हते.

भाऊबीजेला मामा दरवर्षीप्रमाणे महूहून आले. आईला आता उभे राहून ओवाळवत नाही, म्हणून तिने खुर्चीत बसूनच तबक फिरवले आणि मामांनी खाली पाटावर बसून मान पुढे केली. मग मी फराळाची ताटली त्यांच्या पुढे ठेवली. चिवड्याचा पहिला घास त्यांनी सावकाश, डोळे मिटून खाल्ला. दातांनी त्रास द्यायला लागल्यापासून ते सगळेच सावकाश खातात. दुसरा घास उचलता उचलता थांबून त्यांनी बोटांचा वास घेतला.

“हिंग झकास आहे गं यंदा,” ते म्हणाले. “कुठला?”

आईने माझ्याकडे पाहिले.

“सियागंजातला,” मी म्हणाले.